फक्त हजर

चंद्रभागा रणपिसे सातवी पास. हडपसरच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये तिने बावीस वर्षं पोळ्या लाटल्या, आणि राग आला की लाटणं हातात धरूनच ती साहेबांशी बोलायची. पलीकडे आयटी पार्कच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा तिच्या वस्तीत तीन नळ होते आणि त्यातला एक कोरडा. तीन वर्षं खेटे घालून तिने वस्तीसाठी पाण्याची नवी लाइन मंजूर करून घेतली होती.

दोन हजार सहा साली तो विषय शेवटच्या मान्यतेसाठी प्रभाग समितीच्या सभेत येणार होता. नागरिकांना तिथे बसून ऐकता येतं, हे तिला ठाऊक होतं. अकरा बायका घेऊन ती गेली. दारात क्लार्क अनंतराव रजिस्टर घेऊन उभे. "सही करा मावशी, मग आत."

सगळ्यांनी केली. आत "विषय क्रमांक नऊ, मान्य" एवढंच ऐकू आलं. बायका खुशीत घरी आल्या.

दोन महिने कुदळ काही पडली नाही. माहितीचा अधिकार तेव्हा नवाकोरा होता. चंद्रभागाने अर्ज टाकला आणि वॉर्ड ऑफिसात फाईल उघडून बसली. इतिवृत्तात लिहिलं होतं : वस्तीची जलवाहिनी आयटी पार्कच्या नव्या रस्त्याकडे वळवणे, उपस्थित नागरिकांची संमती, सह्या सोबत. सगळ्यात वर तिचीच सही, ठसठशीत, शेपटी ओढलेली.

"तू सांगितलंस म्हणून केली गं सही," शेजारची मुक्ताई तेवढंच म्हणाली. ते तिला फार लागलं.

अनंतरावांना तिने गाठलं, तर ते कपाटाकडे तोंड करून म्हणाले, "मधल्या सभा तहकूब झाल्या. आता मंगळवारच्या सभेत इतिवृत्त कायम होईल. मग काही बदलता येत नाही."

"म्हणजे मंगळवारपर्यंत येतं," चंद्रभागा म्हणाली.

मंगळवारी त्याच अकरा जणी मागच्या बाकांवर. अध्यक्ष आप्पासाहेबांनी रोजच्या सवयीने सुरुवात केली, "मागील सभेचे इतिवृत्त वाचले असे समजून..."

"वाचा," चंद्रभागा उभी राहिली.

"बाई, नागरिकांना सभेत बोलता येत नाही."

"मागच्या सभेत आम्ही संमती दिली असं लिहिलंय तुम्ही. ती काय खाणाखुणांनी दिली? तेव्हा बोलता येत होतं, आज मुक्या झालो?"

कोणीतरी हसलं. नगरसेविका शर्मिलाताईंनी चष्मा काढला. "अध्यक्ष, मी त्या सभेत होते. या बायकांना कोणी काही विचारलेलं मला आठवत नाही. वाचू द्या."

अनंतरावांनी वाचलं. नवव्या विषयाखालचं "संमती, सह्या सोबत" हेही वाचलं.

"या सह्या हजेरीच्या हायेत," चंद्रभागा म्हणाली. "दारात घेतल्या. विषय निघायच्या आधी."

आप्पासाहेबांनी सह्यांचा कागद मागून घेतला, पाहिला. "ते वाक्य वगळा. विषय फेरविचारासाठी ठेवा."

"वगळलं असं लिहा. आणि लिहिलेलं मला दाखवा."

दाखवलं. तिने बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचलं, आणि सभा तेवढा वेळ थांबून राहिली.

फेरविचारात लाइन वस्तीकडेच राहिली. उन्हाळ्यात पाणी आलं. तेव्हापासून या वस्तीतलं माणूस कुठल्याही सभेला गेलं की सहीखाली लिहितं : फक्त हजर, संमती नाही.

चंद्रभागाची नात निकिता पुढे त्याच काचेच्या इमारतीत नोकरीला लागली. पहिल्या दिवशी ट्रेनिंगच्या हजेरीपत्रकावर तिनेही तेच लिहिलं. मॅनेजरने विचारलं, हे काय?

"काही नाही सर," निकिता म्हणाली, "आमच्याकडे सही अशीच करतात."