क्रूझचा भाव पडेपर्यंत

लोकांच्या घरात प्रवासाचे फोटो साठतात. आमच्या घरात न केलेल्या प्रवासाचे किस्से साठलेत. तेही एकाच प्रवासाचे! शाळेत मी डबा उघडला की बाकीच्या मॅडम भाजी कुठली ते विचारत नाहीत, "क्रूझचं काय झालं?" हेच विचारतात.

सुरुवात दिवाळीत झाली. माझे नांदेडचे दीर, विलासभाऊजी, अहमदपूरला आमच्याकडे आले होते. त्यांच्या ऑफिसातलं कुणीतरी क्रूझने मुंबईहून गोव्याला जाऊन आलं होतं, त्याचे फोटो ते दाखवत होते. सासूबाईंनी (आम्ही सगळेच त्यांना माय म्हणतो) मोबाईल डोळ्यांपाशी नेला.

"हे समदं पानीच हाय?"

"हाव, माय."

"मग मला न्या की. समिंदर तेवढा बघायचा राहिलाय. गुडघे चालून राहिलेत तवर बघून घेते."

मला खरंच भरून आलं. आमचे सर, म्हणजे माझा नवरा, ज्युनिअर कॉलेजात कॉमर्स शिकवतात. ते डोळे पुसून म्हणाले, "नेणार! सगळं घर जाणार!"

आणि त्याच दमात, "पण आत्ता नाही. भाव पडू द्या."

*

सरांचा भावाचा अभ्यास दांडगा. आमच्या मधल्या खोलीत दोन वर्षं सोयाबीनची पोती होती. भाव चढायची वाट बघत होती बिचारी. त्या खोलीची एकुलती एक खिडकी पोत्यांमागे गेली आणि माय तिथंच अंधारात झोपायची. शेवटी सरांनी माल विकायला मोंढ्यावर नेला, तो नेमका दोन वर्षांतल्या सगळ्यात पडलेल्या भावाच्या दिवशी.

मी म्हटलं, "तुम्ही चढायची वाट बघता तेव्हा भाव पडतो. आता पडायची वाट बघताय, म्हणजे चढणार. त्यापेक्षा क्रूझचा भाव चढायची वाट बघा ना!"

"तुला मार्केट कळत नाही," सर म्हणाले.

*

विलासभाऊजींचं म्हणणं वेगळं. एकाच मोबाईलवरून सारखं बघितलं की कंपनीला गिऱ्हाईकाची गरज कळते आणि रेट वाढतो. म्हणून ते स्वतःच्या मोबाईलवर बघतच नाहीत. शिपायाचा मोबाईल झाला, शेजाऱ्याचा झाला, मग सलूनवाल्याचा. दर रविवारी दाढी करता करता त्याच्या मोबाईलवर क्रूझचे रेट!

एका रविवारी सलून बंद. पुढच्याही रविवारी बंद. तिसऱ्या रविवारी सलूनवाल्याने भाऊजींच्या गालाला फेस लावला आणि समोर स्वतःचे फोटो धरले. जहाजावर तो, बायको, दोन्ही पोरं, सगळ्यांना काळे गॉगल.

"साहेब, मोबाईलवर सारखं तेच येऊन राहिलं होतं, मग टाकलं बुक करून. तुमच्यामुळंच झालं बघा!"

भाऊजी त्या दिवशी अर्धी दाढी करूनच उठले म्हणतात.

*

सरांनी लातूरचा एक एजंट गाठला. सोशिक माणूस.

"बिगर जेवणाचा रेट काय?"

"सर, जेवण पॅकेजमध्येच असतंय."

"आम्ही घरून आणू की."

"बाहेरचं चालत नाही, सर."

"मग सगळ्यांनी उपवास धरला तर किती कमी होईल?"

एजंटने कॅल्क्युलेटर बाजूला सारला. सर मात्र जोरात होते. "बरं, पावसाळ्यात सगळ्यात स्वस्त असंल ना?"

"पावसाळ्यात जहाज बंद असतंय, सर."

"मग तर अजून कमी लागायला पाहिजे!"

शेवटी त्याने आतली, बिनखिडकीची केबिन सुचवली, सगळ्यात स्वस्त. सरांनी मोठ्या उत्साहाने मायला सांगितलं. माय म्हणाली, "खिडकी न्हाई? मग समिंदर काय भिताडात बघू? त्यापेक्षा आपली मधली खोली काय वाईट हाय!"

*

आणि एके दिवशी भाव खरंच पडला! खिडकीच्या केबिनचा. भाऊजी व्हिडिओ कॉलवर, सरांच्या हातात कार्ड, माय शेजारी पदर सावरून बसलेली. मी म्हटलं, "दाबा आता बटण!"

तेवढ्यात पलीकडून भाऊजी म्हणाले, "दादा, आज एवढा पडला म्हणजे उद्या अजून पडणार."

सरांनी कार्ड पाकिटात ठेवलं. सकाळी बघितलं तर सगळ्या केबिन भरलेल्या.

माय उठून आत गेली. हल्ली ती न्हाणीपर्यंत जातानाही भिंतीला हात लावून जायची, ते बघून मला इतका राग आला की मी दोन दिवस सरांशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माय माझ्याकडे आली. "सूनबाई, माझं ते आधार कार्ड काढून दे. आन् धपाटे कर चाळीसेक. शांताबाईला घेऊन देवणीला जाते, बहिनीकडं."

देवणी इथून दोन तासांवर. शांताबाई शेजारची, मायपेक्षा वर्षाने मोठी, पण पायांनी धडधाकट. दोघींना दोन तासांसाठी चाळीस धपाटे! मी मायकडे बघितलं, मायने माझ्याकडे बघितलं. मी पीठ मळायला घेतलं, शेंगदाण्याची चटणीही दिली.

*

माय गेल्याच्या चौथ्या दिवशी सर जेवत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. स्पीकरवर नुसता घोंघाट.

"माय? कुठं हाईस? देवणीला एवढं वारं सुटलंय?"

"देवणीला कशाला? समिंदरापाशी हाय मी, रत्नागिरीकडं. शांताबाई पान्यात हुबी हाय, मी तिला धरून. लई मोठा हाय रं! संपतच न्हाई!"

सरांचा घास हातातच राहिला. "अगं, पण गेलीस कशी? तिकीट?"

"यष्टीनं. गाड्या बदलत, मुक्काम करत. पंच्याहत्तर पुरी झाली न्हवं मला? आधार दाखवलं की कंडक्टर फुकट बसवतोय."

"फुकट?" सर एवढंच म्हणाले. त्यांनी घास परत ताटात ठेवला. मग हळूच विचारलं, "परत कधी येतीस, माय?"

"बघू," माय म्हणाली. "घाई काय हाय? जरा भाव पडू दे."