पश्चात पतीचा उल्लेख नव्हता

वर्तमानपत्रात मी आजही आधी निधनवार्ता वाचतो, पण विश्वास ठेवून वाचत नाही. हिंगोलीच्या जिल्हा पानावर होतो तेव्हा त्या कापून जागेत बसवण्याचे काम माझ्याकडे होते. ‘वृद्धापकाळाने’ बहुधा खरे असते. ‘हृदयविकाराच्या तीव्र धक्क्याने’ कधी खरे, कधी सोयीचे. तरुण बाईच्या नावापुढे ‘अल्पशा आजाराने’ आले की मी पश्चात कोण कोण आहे ते वाक्य पुन्हा वाचतो.

गेल्या हिवाळ्यात पुतणीसाठी एक स्थळ आले. तिची आधीची सोयरीक मोडली होती, आणि वय वाढतेय म्हणून दादा, माझा थोरला भाऊ, घाईला आला होता. मुलगा बीजवर, बियाणे-खतांचे दुकान, ओलिताची जमीन. दादाने मोबाइलवर आलेला बायोडाटा दाखवला. ‘प्रथम पत्नी अल्पशा आजाराने दिवंगत.’

आडनाव आणि गाव वाचून मला एक जुनी निधनवार्ता आठवली. साखऱ्याहून आली होती, म्हणजे बाईच्या माहेरहून. अंत्यसंस्कारही तिथेच झाले होते. नाव सासरचे, पण पश्चात आई, वडील आणि भाऊ एवढेच. पती राहून गेला असेल म्हणून मी तेव्हा तिथल्या वार्ताहराला फोन केला होता. “न्हाई, राहिला न्हाई. घरचे म्हनले, असंच छापा,” तो म्हणाला होता. मी तसेच छापले.

दादाला हे सांगितले. “तुमा पेपरवाल्यांना जिथंतिथं वासच येतो,” तो म्हणाला. “चांगल्या घरात खोट काढून राहिला.”

मी साखऱ्याला गेलो. विष किंवा विहीर, असेच काही निघेल असे मला वाटत होते. त्या बाईची आई अंगणात शेळ्यांना पाला टाकत होती. मी कोण, कशासाठी आलो, ते आधीच सांगितले. तिने मला बसायला सांगितले नाही.

“आता काहून इचारून राहिले, भाऊ?”

“आमच्या मुलीला तिथलं स्थळ आलंय.”

ती पाल्याची पेंढी हातात धरून थांबली. “पिवळी पडली व्हती लेक. सासरच्यायनं जीप आणून दारात लावली. तिची पिशवी उतरवली. म्हनले, बरी झाली की फोन करा.”

“मग फोन केला?”

“आमीच करायचो. तिकडून एकच, बरी झाली का? कशी हाये, असं कोनी इचारलं न्हाई. दवाखाना आमीच केला.”

“शेवटी कोणी आलं?”

“मातीला आले ना. लोकायच्या मागं उभे ऱ्हायले.” पेंढी शेळ्यांपुढे टाकून ती म्हणाली, “पेपरात त्यायचं नाव कशाला घालायचं? जितेपणी व्हते का ते तिचे?”

ही एक बाजू झाली. दुखावलेली आई वाढवूनही सांगू शकते. एका बाजूवर मी कधी बातमी दिलेली नाही, म्हणून घरी येऊन मुलाच्या चुलत्याला फोन लावला. मुलीचा काका बोलतोय, असे सांगितले. तो मोकळेपणाने बोलला.

“बिमार माणसाची देखभाल माहेरी जशी होते तशी आपल्याकडं होते का? दुकान, त्यात सोयाबीनचा हंगाम. आमीच जीप करून नेऊन सोडलं. बराबर केलं का न्हाई, तुमीच सांगा.”

तो काहीच लपवत नव्हता. काय घडले याबाबत दोन्ही बाजूंचे म्हणणे जुळत होते. मला खोटेपणाचा संशय होता, आणि खोटे कुणीच बोलले नव्हते.

दादाला मी दोघांचे बोलणे जसेच्या तसे सांगितले, माझे मत दिले नाही. तो सुपारी कातरू लागला. “आजारी लेकीला माहेरी पाठवायची पद्धतच हाये,” असे म्हणाला खरा, पण आवाजात जोर नव्हता.

पुतणी दारात उभी राहून ऐकत होती. “बाबा, मला ताप आला तर तुमी जीप पाठवाल का तेच आणून सोडतील, एवढं बोलणीत ठरवून घ्या.”

दादाने तिच्याकडे पाहिले नाही. मध्यस्थाला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. आमचे जमत नाही म्हणाला. मध्यस्थाने कारण विचारले. “पत्रिका जुळली न्हाई,” दादा म्हणाला.

“पत्रिका बघितलीच कुठं?” पुतणी म्हणाली. “खरं सांगा त्यांना. उद्या ते दुसऱ्या कोनाच्या दारात जातील.”

दादाने फोन तोंडापासून दूर धरला, परत जवळ घेतला आणि अडखळत खरे कारण सांगितले. पलीकडचा माणूस हसला. “एवढंच व्हय? अहो पाहुणे, सगळेच पाठवतात. त्यात काय?”

पुतणीने फोन त्याच्या हातातून घेतला. “सगळे पाठवत असतील, मामा,” ती म्हणाली. “मी जानार न्हाई.”