तीन बायकांचे केस, एक अहवाल

राजाबाई चक्कर येऊन पडली ती पेटत्या चुलीजवळ. हात तापल्या तव्याला लागला आणि कोपरापर्यंत भाजला. सोबतच्या बायांनी मागे ओढलं म्हणून तोंड वाचलं.

जुळे सोलापुरात एका पत्र्याच्या शेडमध्ये ती कडक भाकऱ्या करते. सांगोल्याकडच्या धनगराची लेक. लग्नाआधी मेंढरांमागे दिवसभर चालायची. पण वर्षभरापूर्वी तिला जिना चढताना धाप लागू लागली. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, ते फार कमी निघालं. सिस्टरनी लोहाच्या गोळ्या दिल्या. एकही दिवस चुकवायचा नाही, असं बजावलं.

गोळ्यांनी पोट बिघडायचं. त्याच सुमाराला पलीकडच्या गल्लीत एक केंद्र निघालं. केसांवरून अंगातली खनिजं सांगणार. सुई नाही, रक्त नाही. राजाबाईला ते बरं वाटलं.

"मागचे थोडे केस मुळाशी कापावे लागतील, मावशी," पांढरा कोट घातलेले महेश्वर सर म्हणाले.

"कात्री न्हाय लावायची. मालक जित्तं हायती माजं."

"मग घरून आणा. चालतील."

चालतील! पुढचं सगळं या एका शब्दाने घडलं.

घरी खुंटीला पिशवी होती. विंचरताना निघालेलं गुंतवळ त्यात साठायचं. केसांवर भांडी देणारी बाई आली की तिला द्यायचं. राजाबाईने त्यातलंच मूठभर पुडीत बांधलं. त्यात तिचे केस होते. मेंदी लावणाऱ्या सासूचे होते. पार्लरमध्ये रंगवून आलेल्या पूनमचे, म्हणजे तिच्या लेकीचेही होते. एका घरचं जेवण, एका टाकीचं पाणी. तिला वाटलं, फरक तो काय पडणार? सरांनी पुडी घेतली. केस कुणाचे, कुठले, काही विचारलं नाही.

अहवाल रंगीत आला. लाल पट्टे, हिरवे पट्टे, वर राजाबाईचं नाव.

"लोह वाढलंय तुमचं. सरकारी गोळ्या आजपासून बंद. या आमच्या औषधाच्या पुड्या घ्या."

तिने ऐकलं. शिकलेला माणूस, छापील कागद. दोन महिने पुड्या घेतल्या, आणि त्या दिवशी चुलीजवळ पडली.

दवाखान्यात दोन बाटल्या रक्त चढवलं. "गोळ्या कुणी बंद केल्या?" सिस्टर ओरडल्या. पूनमने अहवाल पुढे केला. डॉक्टरांनी तो वाचला आणि कपाळाला हात लावला. केसातल्या लोहावरून अंगातलं लोह कळत नाही, म्हणाले. "त्यात माज्या एकटीचं केस नव्हतं," खाटेवरून राजाबाई म्हणाली. एकटीचे असते तरी कळलं नसतं, डॉक्टर म्हणाले.

"एकटीचे असते म्हणजे?" पूनमने आईकडे पाहिलं. "आई, केस कुठले दिलेस तू?"

हातावर पट्टी बांधलेलीच होती. घरी सोडलं त्याच दिवशी राजाबाई केंद्रात गेली. बाकावर तीन बाया बसल्या होत्या. तिने अहवाल टेबलावर ठेवला.

"सर, त्या पुडीत तिघींचं केस व्हतं. ह्यात मी कुटं हाय, तेवढं दाखवा की."

सर हसले. "मग नमुना तुम्हीच चुकीचा दिलात, मावशी. माझा काय दोष?"

"व्हय, म्या दिला. तुमी इचारलं का? आन् गोळ्या बंद कर, ह्ये पण केसानंच सांगितलं व्हय?"

"इथे तमाशा नको. नवीन तपासणी करून देतो, सवलतीत."

सवलतीत! राजाबाईने भाजलेला हात टेबलावर ठेवला. सरांनी मान वळवली.

मग ती बाकाकडे वळली. "बायांनो, रक्त तपासा. सुई टोचती, मरत न्हाय कुणी. मी ह्यांचं ऐकून मेली असती."

दोघी उठल्या. एकीने पायात चप्पल घातली, दुसरी तिच्या मागून निघाली.

तिसरी मात्र जागची हलली नाही. सरांनी तिचं नाव पुकारलं. तिने राजाबाईच्या हाताकडे एकदा पाहिलं, मग अंबाडा सोडत ती आत गेली.