कोचनं दोन बोटं वर केली

ओल्या गवतावर फक्की पडली की एक वास उठतो. चुन्याचा कोरडेपणा आणि मातीचा गारवा त्यात इतके मिसळलेले असतात की नाकाला कळत नाही, हसावं की शिंकावं. बहारीनला जुफैरमध्ये अमेरिकन आरमाराच्या तळाजवळ एक मैदान होतं. तिथं दर शुक्रवारी सकाळी, समुद्राचा खारा वारा अंगाला चिकटत असताना, मी त्या वासात वाकून रेघा मारत असे. नव्वद सालानंतरच्या दशकातली ही गोष्ट. मी एका ठेकेदाराकडे होतो. गवताला पाणी घालायचं, कापायचं, सामन्याच्या दिवशी फक्कीच्या रेघा ओढायच्या, एवढंच माझं काम. आमच्या गुहागरकडे मी कबड्डीच्या पटांगणावर पोरवयात हेच केलं होतं. शाळेनं मला सातवीतच सोडलं, पण सरळ रेघ मला तेव्हापासून येते.

तो खेळ त्यांचा. फुटबॉल म्हणतात, पण चेंडू नारळासारखा लांबट, आणि पायापेक्षा हातानंच जास्त खेळतात. खांद्यांवर ढाली बांधलेली, डोक्यात टोप घातलेली ही धिप्पाड माणसं एकमेकांवर अशी आदळत की पहिल्या दिवशी मला वाटलं, आता पोलीस येतील. हळूहळू कळू लागलं. ज्याला कळलं नसतं त्यालाही इब्राहिमनं कळवलं असतं. इब्राहिम दाभोळचा, तळावरच्या सामानाच्या कोठीत कारकून, इंग्रजी फाडफाड. आमची गावं एकाच खाडीच्या दोन काठांवर, म्हणून आमच्यात कधी प्रेम आणि कायम भांडण.

"हे बघ गणपत," तो म्हणाला, "चेंडू घेऊन पार टोकाच्या रेघेपलीकडं गेला की सहा गुण. मग बक्षीस म्हणून एक संधी. लाथ मारून चेंडू त्या पिवळ्या खांबांमधून घातला तर एक गुण. तो जवळजवळ खिशातच असतो. नायतर लाथ नको म्हणायचं, आणि दोन-तीन पावलांवरून परत एकदा रेघेपलीकडं घुसायचं. घुसला तर दोन. अडला तर खलास, काय नाय."

"म्हणजे कबड्डीतला बोनस."

"तुला दुनियेत कबड्डीच दिसते."

दिसतेच. चढाईला गेलेल्या गड्याला पुढची रेघ खुणावते आणि मागची रेघ बोलावते. त्या दोहोंमध्ये त्याचा एक श्वास अडकलेला असतो. एकाचा की दोनाचा, हा प्रश्न मला नवा नव्हता. फक्त कबड्डीत तो ज्याचा त्यानं सोडवायचा असतो, आणि इथं एक माणूस रेघेबाहेर उभा राहून अकरा जणांसाठी सोडवतो. त्या माणसाला कोच म्हणतात.

मी तिथं पाच-सहा कोच पाहिले. एक होता, तो कायम एकच घ्यायचा. सामना हातातून निसटत असला तरी एकच. भित्र्या माणसाची हीच खूण, त्याला हरणं चालतं पण चुकणं चालत नाही. दुसरा एक उगाच दोनाला जायचा, बायकांच्या खुर्च्या भरलेल्या असल्या की हमखास. बहुतेकांच्या खिशात एक छापील कागद असे, इतके मागे असाल तर असं करा, इतके पुढे असाल तर तसं. कागद वाईट नसतो. पण ज्याला घुसायचंय त्याची छाती कशी धपापतेय, हे कागदाला कसं कळावं?

मिलर साहेब वेगळा होता. पन्नाशीचा, पोट सुटलेला, मानेवर उन्हानं लाल चट्टे. बोलायचा कमी. कागद त्याच्याकडेही होता, तो बघायचाही, पण मग घडी करून खिशात घालायचा आणि मैदानाकडे बघायचा. कुणब्यानं पेरणीआधी शेताकडे बघावं तसा. मला त्याचं ते बघणं आवडायचं. कुणाचं बघणं आवडतं हे सांगायला शब्द लागतात, ते माझ्यापाशी नव्हते. म्हणून मी त्याच्या बाजूची रेघ जरा जास्त ठळक मारायचो.

त्याच हिवाळ्यात सुमनची कॅसेट आली.

सुमन माझी बायको. तेव्हा आमच्यात पत्रांपेक्षा कॅसेटी चालत. लिहिण्यात दोघंही कच्ची, म्हणून टेपरेकॉर्डरपुढं बसून बोलायचं आणि रजेवर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती कॅसेट धाडायची. तिच्या कॅसेटीत नेहमी आधी कोंबडा आरवायचा आणि मग ती. या वेळी मध्ये मध्ये थांबत होती. दोन वाक्यांत तीन श्वास. "अवो, डॉक्टर म्हणतात हृदयाची झडप खराब झालीय. गोळ्या घेत बसून राहिले तर चार-पाच वर्षं जातील. ऑपरेशन केलं तर पहिल्यासारखी चालेन, पण टेबलावरून उठेनच असं नाय. तुमी सांगाल तसं."

मी दोन दिवस विचार केला आणि माझी कॅसेट भरली. म्हटलं, गोळ्या घे, ऑपरेशन नको, मी आहे ना, करार संपला की येतोच. फार प्रेमानं म्हटलं. खरं सांगतो, त्यात प्रेम कमी आणि हिशेब जास्त होता. मी परत जाईन तेव्हा दारात कुणीतरी बसलेलं असावं, एवढंच मला हवं होतं. बसलेलं. तिला कसं वाटेल याचा मी विचारच केला नव्हता. आम्ही परदेशी गेलेली माणसं ही एक चूक हटकून करतो. दोन वर्षांनी एकदा घरी जातो, म्हणून घर आपल्यासाठी जागच्या जागी थांबलेलं हवं असतं.

इब्राहिम त्या रविवारी रजेवर निघणार होता. कॅसेट त्याच्या बॅगेत दिली.

आधी शुक्रवार आला. जहाजावरच्या संघाशी सामना, त्या मोसमातला शेवटचा. मिलर साहेबाचा संघ सात गुणांनी मागे, घड्याळात काही सेकंद उरलेले, आणि त्यांचा एक काळा धिप्पाड गडी तिघांना अंगावर घेऊन रेघेपलीकडे पडला. सहा गुण. आता एकानं मागे. लाथ मारली तर बरोबरी, मग जादा वेळ. घुसले तर जिंकले. अडले तर हरले.

साहेबानं कागद काढलाच नाही. तो चालत माझ्याकडे आला. पाण्याचा पाइप गुंडाळत मी कडेला उभा होतो. त्यानं बोट दाखवून विचारलं, त्या टोकाला जमीन कशी आहे? मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, लेफ्ट गुड सर, राइट वेट. उजवीकडे नळ गळत होता, गवताखाली चिखल होता. त्यानं मान डोलावली, माझ्या खांद्याला हात लावला आणि पोरांच्या घोळक्यात गेला. तिथं त्यानं हुकूम सोडला नाही. एकेकाच्या टोपातून आत, डोळ्यांत बघत त्यानं विचारलं. ओठ हलताना मला दिसत होते. पोरांनी माना हलवल्या. तो काळा गडी धापा टाकत होता, त्यानं बोलण्याऐवजी दोन बोटं वर केली. तेव्हा कोचनंही दोन बोटं वर केली.

ते डावीकडून घुसले. गडी वीतभर अलीकडे अडला.

शिट्टी झाली. जहाजावरचे नाचू लागले. एक वरचा अधिकारी तरातरा आला आणि साहेबावर ओरडला. साहेबानं दोन शब्दांत उत्तर दिलं.

"काय म्हणाला?" मी शेजारी सामना बघत उभ्या इब्राहिमला विचारलं.

"म्हणाला, मी ठरवलं."

"खोटं बोलतोय. पोरांनी सांगितलं."

"खोटं नाय रे," इब्राहिम म्हणाला. "कोच हाय तो."

हरलेल्या माणसाकडे मी इतक्या आदरानं आधी कधी बघितलं नव्हतं. त्यानं माझ्यासारख्या पाणी घालणाऱ्याला जमिनीचं विचारलं होतं आणि ज्यांची हाडं मोडणार त्यांना मनाचं. मग अपयश मात्र एकट्यानं अंगावर घेतलं. आणि मी? मी तर विचारलंच नव्हतं. ती म्हणाली 'तुमी सांगाल तसं' आणि मी लगेच सांगून मोकळा झालो होतो.

इब्राहिमकडे कॅसेट परत मागितली.

"काय रे, वहिनीला शिव्या घातल्यास काय तिच्यात?"

"त्याहून वाईट," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गावच्या दुकानात फोन लावला आणि सुमनला बोलवायला सांगितलं. दुकान घरापासून हाकेवर. तिला यायला अर्धा तास लागला. तो अर्धा तास मी बूथमध्ये काचेला कपाळ टेकवून उभा होतो आणि ती कुठे कुठे थांबली असेल ते मोजत होतो. फणसाखाली एकदा. दगडी गडग्यापाशी एकदा.

"सुमन, तुला काय हवंय?"

तिची धाप फोनमध्ये ऐकू येत होती. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि हे मी पहिल्यांदाच विचारत होतो.

"मला बसून ऱ्हायचं नाय," ती म्हणाली. "पऱ्ह्यावर धुणं घेऊन जायचंय. खाडीपलीकडं माहेरी जायचंय, माझ्या पायानं. करूया."

मी रजा काढून आलो. मुंबईच्या इस्पितळात आत नेताना तिनं मला सांगितलं, तोंड पाडून उभं राहू नका, लोकांना वाटेल मी तुमच्याशी भांडले. ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

तिचा भाऊ दत्ताराम बाराव्याला सगळ्यांसमोर ओरडला, "भावोजी, गोळ्यांवर राहिली असती ती. ऑपरेशनचं ठरवलं कोणी?"

मी म्हटलं, "मी."

बरोबर केलं असं वाटलं. साहेबानं केलं तेच केलं. पुढची कित्येक वर्षं दत्ताराम माझ्याशी धड बोलला नाही, आणि मी ते निमूट घेतलं. पण माणूस म्हातारा होतो, एकटा जेवतो, तेव्हा जुनी गोष्ट उलटसुलट करून बघायला त्याला वेळ असतो. त्या पोरांच्या डोक्यावरचा आरोप साहेबानं उचलला, ठीक. पण मैदानावर सगळ्यांनी त्या गड्याची दोन बोटं पाहिली होती. सुमनची कुणी पाहिली? ती फोनमध्ये होती, माझ्या एकट्याच्या कानात. दोष माझ्यावर घेताना मी तिची हिंमतही माझ्याच नावावर लावून घेतली होती. गावात तिची गोष्ट काय, तर नवऱ्यानं ऑपरेशनला घातली आणि मेली बिचारी. बिचारी! अर्धा तास चालत येऊन 'करूया' म्हणणारी बाई बिचारी कशी?

या वर्षी श्राद्धाला दत्ताराम आला. आता त्यालाही काठी लागते. पानावर बसल्यावर मी त्याला सगळं सांगितलं, फोनपासून. तो भात कालवत राहिला. मला वाटलं, उठून जाईल.

"लहानपणी तर होडी धक्क्याला लागायच्या आधीच ती उडी मारायची," तो शेवटी म्हणाला. "आई विचारायची, हिला उडी मारायला कोणी सांगितलं? मी म्हणायचो, मी. मार खायचो."

मग त्यानं माझ्याकडे पान सरकवलं आणि म्हणाला, "वरण वाढा."