हरिणीच का?

माझ्या बायकोच्या मावशीच्या यजमानांइतके प्रश्न विचारणारा माणूस व्हिसाच्या खिडकीमागेसुद्धा सापडणार नाही. व्हिसावाले निदान मुक्कामाचा पत्ता मिळाला की गप्प बसतात. काका पत्ता मिळाल्यावर सुरू होतात. मूळचे नागपूरचे, तरुणपणी संशोधनाच्या नोकरीवर न्यू जर्सीत आले आणि वेस्ट विंडसरला घर घेऊन राहिले. दोन हजार तीनच्या सुमारास माझी बदली तिकडे झाली तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते. नोकरीत असताना प्रश्न विचारण्याचा पगार मिळायचा, आता ते हेच काम फुकट करत. दात काढायला गेले की भूल चढेपर्यंत डॉक्टरला ती जिभेच्या कुठल्या बाजूने उतरते ते विचारायचे. एकदा फार हळू गाडी चालवतात म्हणून पोलिसाने त्यांना थांबवलं. काकांनी काच खाली केली आणि शेजारीशेजारी धावणाऱ्या दोन गाड्यांतली नेमकी कुठली ते तुमच्या वेग मोजायच्या यंत्राला कसं कळतं, असं मोठ्या आस्थेने विचारलं. पोलीस बिचारा आधी सांगत राहिला, मग अडखळला आणि शेवटी दंड न करताच निघून गेला. मावशी मागच्या सीटवर होती. ती अजून म्हणते की दंड भरला असता तर जेवायला वेळेवर पोचलो असतो.

बरं, उत्तर मिळालं म्हणजे समाधान झालं असंही नाही. वाचलेलं, ऐकलेलं, टीव्हीवर पाहिलेलं हे सगळं त्यांच्या लेखी कच्चं. चिंच इथल्या थंडीत उगवत नाही हे साऱ्या जगाला माहीत आहे, पण काकांनी ती तीन वेळा लावून तीन वेळा मरू दिली आणि मगच मान्य केलं. मावशीचा स्वभाव याच्या बरोब्बर उलटा. तिला जे माहीत आहे ते माहीत आहे. स्वयंपाकातली पहिली पोळी गाईची, हे तिला तिच्या आईने शिकवलं आणि तिने ते सातासमुद्रापार आणलं. वेस्ट विंडसरमध्ये गाय कुठून आणणार? पण घरामागे कुंपण, कुंपणामागे रान, आणि रानातून रोज सकाळी येणारी एक हरिणी. चार पाय, शांत डोळे, गवत खाते. मावशीने तिला गाईच्या जागी नेमून टाकलं. पोळीवर साजूक तूप लावून, वर गुळाचा खडा ठेवून गोग्रास कुंपणावर जायचा. हरिणी तो खायची आणि मग तोंडाला चव आली म्हणून काकांच्या वाफ्यातली मेथीही खायची.

अशात गणपतीच्या दिवसांत टाउनशिपचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, पत्रक आलं. हरणं फार झाली आहेत, या हिवाळ्यात घरांमागच्या रानात धनुष्यबाणाने शिकार होईल, आणि मुख्यतः हरिणींची. मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मोदकांच्या ताटापुढे एकच गहजब झाला. पुण्याहून नुकताच आलेला एक प्रोग्रामर म्हणाला, "मारायचंच आहे तर मेल्स मारा ना यार, आयांना काय मारता?" यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. एकटे काका मोदक हातात धरून उभे होते. त्यांना राग आला नव्हता. त्यांचे डोळे चमकले होते, आणि ते आम्हा सगळ्यांनाच जास्त धोकादायक वाटलं.

त्यांच्या शेजारी एक अमेरिकन मास्तर राहायचे. शाळेत गणित शिकवायचे आणि हिवाळ्यात बाण घेऊन रानात जायचे. जन्मभर अंडंही न खाल्लेले काका त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला गेले आणि जाताना मला ओढून घेऊन गेले. हरिणीच का, हा एकच प्रश्न. मास्तरांनी शांतपणे हिशेब मांडला. अनेक माद्यांना एक नर पुरतो. शिंगांच्या हौसेपायी लोक वर्षानुवर्षं नरच मारत आले, तरी पिल्लं तेवढीच होत राहिली. कळप वाढतो तो माद्यांमुळे, आणि रान पुरेनासं झालं की अख्खा कळप उपाशी पडतो. काकांनी ऐकून घेतलं आणि लगेच पाचर मारली: माद्या कमी झाल्या तर उरलेल्यांना खायला जास्त मिळेल, मग त्यांना जुळी होतील, मग तुम्ही काय साधलंत? मास्तरांनी कप खाली ठेवला. म्हणाले, बरोबर आहे, म्हणून एक वर्ष करून भागत नाही, दरवर्षी करावं लागतं. आणि पलीकडच्या रानातून नवी हरणं किती येतील ते मला माहीत नाही. त्या 'माहीत नाही'वर काका खूष झाले. परत येताना मला म्हणाले, "जावईबापू, हा माणूस खरा आहे. आता मी स्वतः पाहतो."

आता पाहायचं म्हणजे काय, तर त्यांनी रानाच्या कडेला खोलीएवढ्या जागेला उंच जाळी ठोकली. आत हरणांना बंदी, बाहेर मोकळं; बघू काय फरक पडतो. मावशीला वाटलं, नवरा आपल्या हरिणीसाठी गोठा बांधतोय. ती कौतुकाने पाण्याची बादली घेऊन आली. खरं काय ते कळल्यावर बादली तिथेच टाकून घरात गेली. शिकारीसाठी काकांची परवानगी लागत होती, कारण घर रानाला अगदी लागून होतं. मास्तरांनी विचारलं, पण त्या वर्षी आणि पुढेही त्यांनी ती दिली नाही. पाहून झालेलं नाही, एवढंच कारण सांगितलं.

दुसऱ्या वसंतात त्यांनी मला फोन करून बोलावून घेतलं. जाळीच्या आत ओकची रोपं गुडघ्याला लागत होती आणि मधेमधे पांढरी फुलं होती. बाहेर, हरणाचं तोंड पोचेल तिथवर, रान कात्रीने कापल्यासारखं साफ. काका जाळीभोवती फेऱ्या मारत होते आणि प्रत्येक फेरीला थोडे गंभीर होत होते. त्यानंतरच्या हिवाळ्यात बर्फ फार पडला. एके सकाळी कुंपणापाशी एक पाडस मरून पडलेलं दिसलं, बरगड्या मोजता येतील असं. काकांनी वन्यप्राणी खात्याला फोन लावला. तिथल्या बाईंनी सांगितलं की रानात खायला उरलेलं नाही. आणि आणखी एक सांगितलं, की हिवाळ्यात हरणाचं पोट काटक्यांना सरावलेलं असतं, त्याला पोळी, पाव, धान्य सोसत नाही. कुणी घालत असेल तर बंद करा.

जगाला प्रश्न विचारणाऱ्या या माणसाला हे उत्तर आपल्याच स्वयंपाकघरात नेणं जमेना. दोन दिवस ते घरात उगाच इकडून तिकडे फिरत राहिले. तिसऱ्या दिवशी मी आणि बायको जेवायला गेलो होतो, तेव्हा आमच्या आधाराने त्यांनी सांगून टाकलं. मावशीच्या हातातलं लाटणं थांबलं. "म्हणजे माझ्या हातून?" एवढंच ती म्हणाली. मला त्या क्षणी काकांचा आणि त्यांच्या जिज्ञासेचा मनापासून राग आला.

पोळी त्याच दिवशी बंद झाली. हरिणी मात्र येतच राहिली, कुंपणाशी उभी राहून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघायची. पुढचा हंगाम आला तसे मास्तर पुन्हा परवानगी विचारायला आले. आता काकांना उत्तर माहीत होतं. हरिणी कमी झाल्या तर कळप जगेल, आणि नाही झाल्या तर पाडसं अशीच मरतील. मावशीने वाद घातला नाही. ती म्हणाली, "तुम्ही पाहिलंत ते खरंच असणार. पण तिला माणसाची भीती वाटत नाही, आणि ती भीती मी घालवली आहे. बाकीच्या पळतील. ही उभी राहील."

काकांनी बूट घातले. ते मास्तरांकडे गेले, तिला सोडता येईल का म्हणून विचारलं. मास्तर प्रामाणिक माणूस. म्हणाले, प्रयत्न करीन, पण झाडावर बसून नेम धरायचा, तोही पहाटेच्या उजेडात, शब्द देता येणार नाही. काकांनी आठवडाभर कुणालाच काही विचारलं नाही. बँकेत, भाजीच्या दुकानात, कुठेच नाही. लोक माझ्याकडे त्यांच्या तब्येतीची चौकशी करू लागले. मग त्यांनी परवानगी दिली. शिकार झाली त्या सकाळी त्यांनी मागच्या बाजूचे सगळे पडदे ओढून घेतले आणि मावशीजवळ बसून राहिले. त्या दिवसानंतर कुंपणाशी हरिणी आली नाही. मेली, की घाबरून लांब गेली? मास्तर शेजारीच राहत होते, त्यांना ती चांगली ठाऊक होती, विचारलं असतं तर सरळ सांगितलं असतं. काकांनी विचारलं नाही.

हंगामामागून हंगाम गेले. दोन हजार आठच्या वसंतात मावशी पहिल्यांदा रानात आली, साडीवर स्वेटर आणि पायात काकांचे बूट. जाळीच्या बाहेरसुद्धा आता ओकची रोपं वर आली होती. काका तिला एकेक दाखवत होते, पण नेहमीच्या उत्साहाने नाही, जरा जपूनच. तेवढ्यात दूर झाडांमागे एक हरिणी उभी राहिली. चांगली भरलेली होती आणि मागे दोन पिल्लं होती. तिने आमच्याकडे क्षणभर पाहिलं.

मावशीने काकांची बाही धरली. "अहो, तीच का हो?"

काकांनी बराच वेळ पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. इतक्या लांबून काही ओळखू येणं शक्य नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं?

"असेल," ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून हा शब्द मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मावशीने मान डोलावली आणि हरिणी दिसेनाशी होईपर्यंत दोघं तिथेच उभी राहिली. मास्तरांना विचारायचं माझ्याही मनात पुष्कळदा येतं, पण मी विचारत नाही.