वॉर्डातला पहिला शब्द

परवा आयर्लंडमधल्या स्लायगो गावात, जुन्या वस्तू विकणाऱ्या एका चॅरिटी शॉपमध्ये जुन्या कॅसेट्सचा खोका उघडला आणि त्या प्लास्टिकच्या वासाने मला वॉर्डातली एक दुपार आठवली. मी पुण्याहून येऊन इथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स म्हणून नुकतीच रुजू झाले होते. खिडकीजवळच्या बेडवर पन्नाशीचा एक आयरिश गृहस्थ होता. स्ट्रोकने त्याची वाचा गेली होती. बायको रोज येऊन त्याच्याशी बोलायची आणि तो बाहेरच्या सपाट माथ्याच्या डोंगराकडे बघत राहायचा. "नव्वदच्या दशकातल्या ब्रिटिश गिटार बँड्सवरून हा तासन्‌तास भांडायचा," ती मला म्हणाली, "कुणाला उगाच डोक्यावर घेतलं, कुणाची कदरच झाली नाही. मला तर वीट यायचा." त्यातल्या सगळ्यांत गाजलेल्या बँडची आम्ही पुण्यात हॉस्टेलवर कॅसेट लावून पारायणं केली होती. त्याचं बीपी घेता घेता मी सहज त्या बँडचं नाव घेतलं आणि म्हटलं, "माझ्या मते यांच्या तोडीचं कुणी नाही." त्याने झटकन मान वळवली. ओठ थरथरले, गळ्याच्या शिरा ताणल्या आणि अडखळत शब्द आला, "ओव्हर... रेटेड." बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिने खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि ती म्हणाली, "मग चांगलं कोण? सांग, मी ऐकतेय." त्या दुपारी त्याला पुढचा शब्द काही जमला नाही, पण ती वाट बघत बसून राहिली. तो बँड मला अजूनही आवडतो, मात्र कुणी त्याला नावं ठेवायला लागलं की मी शेवटपर्यंत ऐकून घेते.