डावा हात स्थिर

मी शाळेत पेटी शिकवत होते, निदान वेळापत्रकात तसं लिहिलेलं होतं. शुक्रवारी शेवटचे दोन तास, सातवीच्या मुली, विषय वादन. मुलांना त्या वेळात बाहेर लेझीम असायची. गाव जाफराबाद तालुक्यातलं, शाळा सातवीपर्यंतच, शिक्षक पाच. त्या पाचांत पेटी थोडीफार वाजवता येणारी मी एकटी, आणि तेही अंबडला माहेरी शेजारच्या भजनी मंडळात बसून बसून आलेलं. वासरात लंगडी गाय शहाणी, तशी मी संगीताची बाई झाले.

पेटी शाळेला एका कापूस व्यापाऱ्यानं वडलांच्या स्मरणार्थ दिली होती. समोरच्या फळीवर त्या वडलांचं नाव रंगवलेलं होतं. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात ती कुलपात असायची. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला बाहेर यायची, मी दोन गाणी वाजवायचे, की लगेच डांबरगोळ्यांच्या सोबतीला परत आत.

"सर, वर्गात द्या की," असं म्हटलं की ते म्हणायचे, "बाई, ती डेडस्टॉक रजिस्टरला आहे. एक पट्टी मोडली तर माझी पेन्शन अडकून पडंल. तुम्ही निस्तरणार का?"

माणूस वाईट नव्हता. निवृत्ती दीड वर्षावर आली होती आणि शाळेतली एकेक वस्तू त्यांच्यावर टपून बसल्यासारखी त्यांना वाटायची. मी चिडायचे, तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे आणि वर्गात परत यायचे.

मग मी पुठ्ठे जमवले. किराणा दुकानातून साबणाची, बिस्किटांची खोकी आणली, ती कापली आणि प्रत्येक मुलीला एकेक पेटी करून दिली. पांढऱ्या पट्ट्या खडूनं, काळ्या पट्ट्या कोळशानं. मुलींनी पुठ्ठा मांडीसमोर ठेवायचा, उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर दाबायची आणि तो तो सूर तोंडानं म्हणायचा. अकरा मुली एकदम "सा रे ग प" म्हणत पुठ्ठे बडवायला लागल्या की पलीकडच्या वर्गातले गुरुजी दार लावून घ्यायचे.

वर्षभर भूप एवढाच राग. मी शिकवायचे त्या पट्टीत भूपाचे सगळे सूर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. त्यामुळे मार्क देणं फार सोपं झालं. तास संपला की मी म्हणायचे, "हात वर." जिची बोटं कोळशानं काळी, तिचं बोट कुठंतरी चुकलेलं. या युक्तीचा मला केवढा अभिमान होता म्हणून सांगू. मी एक तक्ता आखला होता. पाच रकाने, प्रत्येकाला पाच मार्क. सूर, बोटांची जागा, ताल, वही आणि शेवटचा रकाना 'डावा हात स्थिर'.

हा शेवटचा रकाना एका मुलीमुळं आला.

ती गावातल्या लोहाराची. शाळेच्या भिंतीपलीकडेच त्यांचं पाल होतं, त्याचंच पुढं पत्र्याचं घर झालेलं. शाळा सुटली की ती बापाच्या भात्याला बसायची. बाप ऐरणीवर फाळ ठोकायचा आणि ही डाव्या हातानं भात्याचा दांडा खालीवर करत विस्तवाला वारा घालायची, उजव्या हातात वही धरून पाढे म्हणायची. मी जाता-येता पाहायचे. गणितात ती यथातथाच होती, पण सूर तिच्या कानात बसायचा. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. हात वर म्हटलं की तिची बोटं कायम स्वच्छ.

खोड एकच होती. उजव्या हातानं वाजवायला लागली की तिचा डावा हात आपला आपण खालीवर व्हायचा. त्या धक्क्यानं पुठ्ठा सरकायचा आणि शेजारणीच्या पुठ्ठ्यावर जाऊन आदळायचा. मुली हसायच्या. मी म्हणायचे, "अगं, डाव्या हातानं पुठ्ठा दाबून धर. हलवू नकोस." ती धरायची, दोन मिनिटांनी हात सुटायचाच. शेवटी मी तो रकाना तक्त्यात वाढवला आणि तिला पाचापैकी एक दिला. हुशार पोर, तिला एक मार्क सहन होईना. दिवाळीपर्यंत दोनावर आली, संक्रांतीपर्यंत चारावर. फेब्रुवारीत तिचा डावा हात पुठ्ठ्याच्या काठाला असा घट्ट बसायचा की नखं पांढरी पडायची. मी पाच दिले आणि सगळ्या वर्गाला तिचा हात दाखवला.

जालन्याला मुलींचं एक वसतिगृह होतं. आठवीपासून पुढं राहणं-जेवण फुकट. काही जागा एखाद्या कलेत 'अ' श्रेणी असलेल्या मुलींसाठी राखलेल्या असत. ती श्रेणी मात्र शाळेच्या बाईनं दिलेली चालत नसे. तालुक्याहून साहेब यायचे, मुलीचं वादन ऐकायचे आणि सही करायचे. मी तिचा अर्ज भरला. आमच्या गावात सातवीनंतर मुलगी घरीच बसायची. तिच्यापुढं जालना हा एकच रस्ता होता, हे मला माहीत होतं आणि तिलाही.

"बाई, तिथं शाळा सुटल्यावर काय काम करावं लागतं?" तिनं विचारलं.

"काही नाही. अभ्यास."

"बस?" ती म्हणाली. मी मान हलवली तरी तिचा विश्वास बसलेला दिसत नव्हता.

बापाला भेटले तर तो म्हणाला, "फुकट असंल तर जाऊ द्या. मी भात्याला दुसरं कोणी पाहीन. न्हाईच झालं तर हितं हाईच ती."

परीक्षेच्या आधी मी तीनदा मुख्याध्यापकांकडं गेले. आठ दिवस नको, चार दिवस तरी मुलींना खरी पेटी द्या. ते म्हणाले, "परीक्षेच्या दिवशी काढतोच आहे की. त्याच पट्ट्या, तीच बोटं." मी भांडायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मलाही फारसं काही वाटलं नाही. पेटीच्या मागं भाता असतो, डाव्या हातानं तो हलवत राहावं लागतं, तेव्हा वारा भरतो आणि सूर निघतो. एवढंच तर नवीन होतं. भाता काय, कुणीही मारील, असं मला वाटलं. लोहाराच्या लेकीची तर मला काळजीच नव्हती.

साहेब मार्चमध्ये काळीपिवळी जीपनं आले. घामाघूम झाले होते. मुख्याध्यापकांनी स्वतः पेटी पुसून टेबलाशेजारी सतरंजीवर ठेवली. शिक्षकांनी मागच्या बाकावर बसायचं, मध्ये बोलायचं नाही, असं ठरलं. मी आधी एकदा सगळ्या मुलींना भाता हलवून दाखवला आणि बाकावर जाऊन बसले.

पहिल्या मुलीनं भाता असा हाणला की पेटी सतरंजीवरून पुढं गेली. सूर कुठलेही लागले, पण भरपूर लागले. साहेबांनी 'ब' दिला. दुसरीला उभ्या वर्षात 'सा' सापडला नव्हता, तिनंही नुसता गोंगाट केला. तिलाही 'ब'. साहेबांना संगीत कळत होतं अशातला भाग नव्हता. आवाज आला म्हणजे मुलगी वाजवते, एवढं त्यांना कळत होतं, आणि तेवढ्यावर त्यांनी प्रामाणिकपणे काम चालवलं होतं.

मग ती आली. नमस्कार केला, मांडी घातली, पदर नीट करावा तसा परकर नीट केला. भाता दोनदा ओढला, 'सा' दाबला. सूर छान, सरळ निघाला. माझा जीव भांड्यात पडला.

मग तिनं सरगम सुरू केली आणि तिचा डावा हात भात्यावरून सरकला, पेटीच्या काठाला गेला आणि तिथं घट्ट बसला.

दुसऱ्या ओळीला सूर बारीक झाला आणि विझला. तिच्या लक्षात आलं. तिनं भाता ओढला तर उजवी बोटं थांबली. बोटं सुरू केली तर डावा हात परत काठाला. असं तीनदा झालं. घाबरून ती सवयीनं तोंडानं सूर म्हणायला लागली, तेव्हा साहेब म्हणाले, "गायचं न्हाई बाळा, वाजवायचं." तिनं तोंड मिटलं. मग तिनं पूर्ण सरगम वाजवली, एकाही सुराशिवाय. नुसती पट्ट्यांची टकटक. मला तिची बोटं दिसत होती. एकही बोट चुकलं नाही. त्या खोलीत ती सरगम फक्त मला ऐकू येत होती आणि मी बाकावर पदराखाली स्वतःचा डावा हात हलवत बसले होते.

शेवटी राहवलं नाही. उठून म्हणाले, "साहेब, मी भाता मारते. तुम्ही फक्त तिची बोटं बघा."

ते शांतपणेच म्हणाले, "मंग परीक्षा हिची म्हणायची का तुमची, बाई?"

मी खाली बसले. त्यांनी 'क' लिहिला.

मुली गेल्यावर मी माझा तक्ता घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, वर्षभराचे मार्क बघा, शेवटी पंचवीसपैकी पंचवीस आहेत. हिला तुमच्या हातून 'क' जाणं बरोबर नाही. त्यांनी चहाची बशी बाजूला सारली आणि एकेक रकाना बोटानं वाचला. त्यांना उडवाउडवी करायची नव्हती. शेवटच्या रकान्यावर बोट थांबलं.

"डावा हात स्थिर. पाचापैकी पाच," ते म्हणाले. "हे तुम्ही बराबर दिलंय. स्थिरच व्हता."

तोपर्यंत मला खरंच कळलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी डेडस्टॉकचं कारण सांगून पेटी अडवली, तिनं ऐनवेळी चूक केली, साहेबांना कळत नाही, असंच माझ्या डोक्यात चाललं होतं. नाचता येईना अंगण वाकडं. त्या माणसाच्या बोटाखाली माझंच अक्षर होतं. एकावरून दोनावर, दोनावरून चारावर, खाली माझी आडवी सही. त्या पोरीचा हात मुळात भाता मारत होता. पेटीला जे लागतं नेमकं तेच तो पहिल्या दिवसापासून करत होता, आणि वर्षभर एकेक मार्क लावून मी तो बंद पाडला होता.

साहेबांची जीप भरत आली होती. ते गेले. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, एका 'क'नं काय होतंय? गाण्याचाच तर विषय." आणि त्यांनी पेटी पुसून आत ठेवली. पुढच्या वर्षी साहेबांच्या शेऱ्यावरून ती कपाटातून वर्गात आली. वरातीमागून घोडं.

वसतिगृहाकडून अर्ज परत आला त्या आठवड्यात तिचा बाप शाळेत आला. बस म्हटलं तरी बसला नाही. दारातच उभा राहिला, हाताला राखेचा वास. ती त्याच्या मागं उभी होती.

"बाई," तो म्हणाला, "पोरगी भात्यानं नापास झाली म्हणं?"

"हो."

"लोहाराची लेक भात्यानं नापास. मला काई समजून न्हाई राह्यलं. पाच वर्साची व्हती तवापासून मारती. मी इसरलो तरी तिचा हात थांबत न्हाई. मंग तिथंच काय झालं?"

तो भांडायला आला नव्हता. लोखंड का तडकलं हे पाहावं तसं तो विचारत होता. उत्तर माझ्या ड्रॉवरमध्ये होतं, हात घातला असता तर लागलं असतं. मी तक्ता काढून त्याच्यापुढं ठेवू शकत होते. त्याला वाचता येत नव्हतं, पण मला सांगता येत होतं. चूक तिची नाही, माझी आहे, एवढी दोन वाक्यं. आज इतक्या वर्षांनी मी ती मनात किती वेळा म्हणाले असेन.

"घाबरली असेल," मी म्हणाले.

त्यानं मागं वळून विचारलं, "भेल्तीस का गं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला सगळं माहीत होतं. एक मार्क, दोन मार्क, वर्गापुढं दाखवलेला हात, सगळं. तिनं डावा हात परकराच्या घडीत घातला.

"हां, भेले," ती बापाला म्हणाली. "बाईनं तर समदं बराबर शिकवल्तं."